ज्वालामुखीच्या काठावर न्याहारी

मनिला महानगरातून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा स्थळांमध्ये बातांगास प्रांतातील ताल या ऐतिहासिक गावाची गणना होते. अशा एकदिवसीय सहलीची व्याख्या करायची झाल्यास, एका दिवसात जेवढे पाहणे शक्य आहे त्याच्या तिप्पट पाहण्याचे ठरवून, त्यातील निम्मे पाहून, उरलेल्याची छायाचित्रे इतरांकडून मागवून घेणे, अशी ती करावी लागेल. ताल हे मनिलाच्या दक्षिणेस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. परंतु हे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याची तेथे रीत नाही, ते तासांत सांगतात, आणि हे तासही मंगळवारचे, शनिवारचे आणि नाताळच्या आठवड्यातले असे निरनिराळ्या लांबीचे असतात. म्हणून जाणकार मंडळी पहाटे चारला निघतात आणि बाकीची मंडळी पहाटे चारला निघायचे ठरवतात. ठरलेली वेळ आणि निघण्याची वेळ यांमधील तफावतीला फिलिपिनो लोक स्वतःच ‘फिलिपिनो टाइम’ म्हणतात, आणि या बाबतीत मराठी वाचकास अधिक खुलाशाची गरज पडू नये.

सहलीतील पहिली अडचण भूगोलाची असते. ताल हे एका गावाचे नाव आहे, एका तळ्याचे नाव आहे आणि त्या तळ्यातील बेटावरच्या ज्वालामुखीचेही तेच नाव आहे. त्यामुळे एक गाठले की उरलेली दोन्ही आपोआप दिसतील, असा नवख्या प्रवाशाचा समज होतो आणि गावच्या चौकात उतरल्यावर तो तळे कोणत्या बाजूला आहे, असे विचारू लागतो. ताल गाव तळ्याच्या काठी नाही, ते बालायान उपसागराच्या बाजूला आहे. १५७२ मध्ये ऑगस्टीनियन पंथाच्या स्पॅनिश धर्मगुरूंनी ते वसवले तेव्हा ते खरोखरच तळ्याकाठी होते. पण १७५४ मध्ये ज्वालामुखीने मे महिन्यात जो उद्रेक आरंभला तो डिसेंबरपर्यंत आवरता घेतला नाही, काठावरची गावे राखेखाली गेली, आणि तालकरांनी त्यातून योग्य तो बोध घेऊन गाव उचलून दूर आणले. नाव मात्र त्यांनी बरोबर नेले. मूळ गावठाण आज सान निकोलास या शेजारच्या गावात मोडते, जुन्या चर्चच्या पडक्या भिंती तेथेच उभ्या आहेत, आणि १९५५ पासून सान निकोलासचा कारभार स्वतंत्र झाल्यामुळे आता मूळ ताल पाहायचे तर तालच्या हद्दीबाहेर जावे लागते.

याच उद्रेकाने तळ्याचीही फसवणूक केली. तोवर ते समुद्राला रुंद पाटाने जोडलेले, खाऱ्या पाण्याचे होते. ज्वालामुखीने ओकलेल्या राखेने आणि दगडांनी तो पाट बुजत आणला, मागे पान्सिपित नावाची अरुंद नदी तेवढी उरली, आणि पावसाच्या पाण्याने तळे वर्षानुवर्षे गोडे होत गेले. आत अडकलेल्या समुद्री जिवांना याची पूर्वसूचना मिळालेली नव्हती. त्यांतील काहींनी परिस्थितीशी जुळवून घेतले, आणि तारलीची गोड्या पाण्यात राहणारी जगातील एकमेव जात, जिला तेथे ताविलिस म्हणतात, ती या तळ्यात आढळते. एक समुद्री सापही येथे सुखाने गोड्या पाण्यात नांदतो. एकेकाळी येथे शार्क मासेही होते, ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपले, आणि तळ्यात पाय सोडून बसणाऱ्या सहलकऱ्यांपैकी या हानीबद्दल शोक करणारे फारसे कोणी आढळत नाहीत.

सहलीचा पहिला थांबा बहुधा तागायताय हा असतो. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच अशा कड्यावर वसलेले हे शहर कावीते प्रांतात आहे, आणि मनिलाच्या उकाड्यातून आलेल्या मंडळींना तेथे थंडी वाजते, किंवा वाजली पाहिजे असे वाटते, कारण स्वेटर आणलेला असतो. उपाहारगृहे कड्याच्या कडेने एका ओळीत उभी आहेत, आणि खिडकीजवळचे टेबल मिळावे म्हणून घरातील आजीला, म्हणजे तेथील भाषेत लोलाला, पुढे घातले जाते. साठ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना उपाहारगृहांत त्यांच्या वाट्याच्या खाण्यावर २० टक्के सवलत देण्याचा कायदा फिलिपिन्समध्ये आहे, त्यामुळे लोलाचा सहलीतील मान वयापरत्वे वाढत जातो आणि ओळखपत्र घरी विसरल्यास तितक्याच वेगाने खाली येतो. येथे खायचा पदार्थ म्हणजे बुलालो, अर्थात गुरांच्या नळीची हाडे मज्जेसह तासन्तास मंद आचेवर उकळून त्यात मका आणि कोबी घालून केलेला रस्सा. शाकाहारी प्रवाशास यातील मका उचलून देण्याची तयारी दाखवली जाते, आणि त्या तयारीमागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

नळीतील मज्जा काढता काढता भोजनकर्ता समोर बोट दाखवून ‘तो पाहा ज्वालामुखी’ असे म्हणतो. या एका वाक्यात दोन चुका आहेत. भूशास्त्राच्या दृष्टीने तागायतायचा कडा हाच ताल ज्वालामुखीच्या महाकुंडाचा काठ आहे. महाकुंड म्हणजे प्रचंड उद्रेकांत पोटातील शिलारस बाहेर पडल्यावर वरचा भाग खचून तयार झालेला खड्डा, आणि ताल तळे येथील महाकुंडातच साठलेले आहे. म्हणजे भोजनकर्ता ज्याच्याकडे लांबून बोट दाखवतो त्याच्याच काठावर तो रस्सा पीत बसलेला असतो. दुसरी चूक अधिक जिव्हाळ्याची आहे. पाण्यातून वर आलेला, देखणा, माथ्याशी नेमका खड्डा असलेला जो शंकू समोर दिसतो, जो भेटकार्डांवर छापला जातो आणि ज्याच्याकडे पाठ करून लक्षावधी लोकांनी आपली छायाचित्रे काढवून घेतली आहेत, तो ताल ज्वालामुखीचे मुख्य विवर नव्हे. त्याचे नाव बिनिंतियांग मलाकी, तो बेटाच्या कडेचा एक जुना उपशंकू आहे, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीच्या उद्रेकांनंतर त्याने फारसे काम केलेले नाही. प्रत्यक्ष काम करणारे विवर त्याच्या पाठीमागे आहे. तेथील डोंगर बसका, ओबडधोबड, जेमतेम ३११ मीटर उंचीचा आणि दिसायला अगदीच सामान्य आहे. काम एकाने करावे आणि छायाचित्रात दुसऱ्याने उभे राहावे ही पद्धत सरकारी कचेऱ्यांपुरतीच मर्यादित नाही, असे यावरून दिसते.

या मुख्य विवरातही एक तळे आहे, आणि त्यात एक खडक होता. त्यामुळे लुझॉन बेटावरील तळ्यातील बेटावरील तळ्यातील बेट, असे वाक्य मार्गदर्शकांना एका दमात म्हणता येत असे, आणि ज्याला ते न अडखळता म्हणता येई त्याची बक्षिशी वाढत असे. १२ जानेवारी २०२० रोजी ज्वालामुखीने पुन्हा तोंड उघडले, विवरातले पाणी पाहता पाहता नाहीसे झाले आणि हे वाक्य काही काळ निकामी ठरले. त्या दिवशी राख मनिलापर्यंत पोचून विमानतळ बंद करावा लागला आणि हजारो कुटुंबांना गुरेढोरे मागे ठेवून घरे सोडावी लागली. या ज्वालामुखीची थट्टा करताना १९११ चा उद्रेक विसरता येत नाही, कारण त्यात १,३०० हून अधिक माणसे मेली होती. तरीही माणसाचा स्वभाव असा की २०२० च्या त्याच दुपारी कावीते प्रांतात एक विवाह उघड्यावर लागत होता, पाठीमागे राखेचा स्तंभ आकाशात चढत होता, आणि वधूवरांनी शपथा पूर्ण केल्या. ती छायाचित्रे जगभर पसरली. या विवाहाच्या छायाचित्रकाराइतकी अनुकूल पार्श्वभूमी त्याच्या व्यवसायबंधूंपैकी कोणाला मिळाली असेल असे वाटत नाही, मात्र तीच हवी असा हट्ट धरणाऱ्या पुढच्या वधूंना त्याने काय सांगितले हे कळण्यास मार्ग नाही.

तागायतायहून निघण्यापूर्वी डोंगरमाथ्यावरील एका अपुऱ्या राजवाड्याची नोंद करणे आवश्यक आहे. फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन १९८३ मध्ये यायचे होते, त्यांच्या सरबराईसाठी येथे डोंगर सपाट करून हे बांधकाम सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरोधी नेते बेनिग्नो अकिनो यांची मनिला विमानतळावर हत्या झाली आणि रेगन यांनी भेट रद्द केली. पाहुणे येणार नाहीत असे कळल्यावर यजमानांचा बांधकामातील रस आटला. राजवाडा अर्धवट राहिला, पुढे त्याचे सार्वजनिक उद्यान झाले, आणि ज्या दालनात राष्ट्राध्यक्षांनी भोजन करायचे होते त्याच्या आसपास आता लोक डबे उघडून बसतात, वारा प्यायला मिळतो आणि ढग आले तर ज्वालामुखी अजिबात दिसत नाही.

ताल गावात पोचल्यावर तिचाकी वाहन करावे लागते. मोटरसायकलीला एका बाजूने पत्र्याची डबी जोडून तयार झालेल्या या वाहनाला ट्रायसिकल म्हणतात. त्यात आत दोघांनी बसावे असा संकेत असून प्रत्यक्षात किती बसतात हे वाहनापेक्षा कुटुंबावर अवलंबून असते. चालकाला ‘कुया’ म्हणजे थोरला दादा म्हणतात, तो वयाने धाकटा असला तरी, आणि एकदा दादा म्हटल्यावर भाड्याबाबत घासाघीस करणे दोन्ही पक्षांना जड जाते.

गावाच्या मध्यभागी टेकाडावर तूर्सच्या संत मार्टिनचे बासिलिका, म्हणजे पोपने विशेष दर्जा दिलेले चर्च, उभे आहे. ते सुमारे ८८ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद असून आशियातील सर्वांत मोठे चर्च म्हणून गाव त्याची ओळख करून देते. साठ हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने एवढे चर्च का बांधावे, हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो, तालकरांना पडत नाही. आधीचे चर्च भूकंपाने मोडल्यावर १८५६ मध्ये वास्तुविशारद लुसियानो ओलिव्हेर यांच्या आराखड्यानुसार काम सुरू झाले, अपुरे असतानाच १८६५ मध्ये त्याचे उद्घाटन उरकण्यात आले, आणि बांधकाम पुरे झाले ते १८७८ मध्ये. अपुऱ्या वास्तूचे उद्घाटन करण्याची कला आपल्याकडेच विकसित झाली, असा समज असणाऱ्यांनी या तारखांकडे लक्ष द्यावे. आत शिरून मान वर केली की छतावर दगडात खोदलेली चौकटींची भरगच्च नक्षी दिसते. ती खोदलेली नाही, रंगवलेली आहे, आणि हे समजल्यावर प्रवासी चित्रकाराचे कौतुक करण्याऐवजी आपण फसलो नव्हतो असे बरोबरच्यांना पटवू लागतो. बाहेर याहून अवघड प्रसंग असतो. संपूर्ण दर्शनी भिंत छायाचित्रात मावावी म्हणून छायाचित्रकार एकेक पाऊल मागे सरतो, पायऱ्या उतरतो, चौक ओलांडतो, आणि चर्च चौकटीत बसते त्या क्षणी तो ट्रायसिकलच्या वाटेत उभा असतो. शनिवारी येथे लग्ने असतात, तेव्हा अनेक अनोळखी कुटुंबांच्या विवाहसंग्रहांत आखूड विजारीतील एक गृहस्थ मागे मागे जाताना कायमचा राहून जातो.

टेकाडाच्या पायथ्याशी कायसासायच्या मातेचे देऊळवजा चर्च आहे. १६०३ मध्ये हुआन मानिंगकाद नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात पान्सिपित नदीतून सुमारे २७ सेंटीमीटर उंचीची मेरीची लाकडी मूर्ती आली, अशी परंपरा सांगते. ती मूर्ती ठेवल्या जागेवरून नाहीशी होई आणि नदीकाठी पुन्हा सापडे, असेही सांगतात. गावाने जागा बदलली, तळ्याने चव बदलली, तेव्हा देवीनेच तेवढे एके ठिकाणी बसावे अशी अपेक्षा कोणी केली नाही, आणि आजही आठवड्यातील ठरलेल्या दिवशी मूर्ती वरच्या बासिलिकात व खालच्या चर्चमध्ये नेली-आणली जाते. मूर्तीला पालखीचा मान आहे. प्रवाशासाठी १२५ दगडी पायऱ्या आहेत. त्यांना पहिले फिलिपिनो संत लोरेन्सो रुइस यांचे नाव दिलेले असून, हे संत १६३७ मध्ये जपानमध्ये छळ सोसून हुतात्मा झाले, तेव्हा नाव देणाऱ्यांनी ते पूर्ण विचारान्ती ठरवले असावे. बासिलिका वर आणि देवी खाली असल्यामुळे प्रवासी आधी उतरतो. उतरताना तो पायऱ्या मोजतो, दगडांवरील शेवाळ्याविषयी बोलतो, लोलाचा हात धरतो आणि एकंदरीत हे अंतर काहीच नाही असे जाहीर करतो. वाटेवर सांता लुसियाची विहीर लागते. तिच्या पाण्याने दुखणी बरी होतात अशी श्रद्धा आहे, आणि जाताना जे लोक नुसते डोकावून पुढे गेलेले असतात तेच परतीच्या आधी मोठ्या भक्तिभावाने ओंजळ भरून घेतात. इतक्यात खालच्या वळणावर इंजिन बंद करून, आरशात भांग नीट करत बसलेला कुया दिसतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. त्याने दर सांगितल्यावर सकाळी तोच दर ऐकून हसलेली मंडळी निमूटपणे आत बसतात, आणि लोला, जिला त्या पायऱ्यांचे काहीच वाटलेले नसते, ती एकटी पायी वर जाऊन सर्वांच्या आधी पोचते.

गावातील जुनी घरे ही तालची खरी श्रीमंती. खालचा मजला दगडी आणि वरचा लाकडी अशा या घरांना ‘बाहाय ना बातो’ म्हणतात. वरच्या मजल्यावरील सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी कापिस नावाच्या चपट्या शिंपल्याची तावदाने बसवलेली असतात, ज्यांतून दुधाळ उजेड आत येतो आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. गोव्यातील जुनी घरे पाहिलेल्या मराठी प्रवाशास ही तावदाने ओळखीची वाटतील, कारण तेथेही याच शिंपल्याचा असाच उपयोग होत आला आहे. फळ्यांची जमीन नारळाच्या अर्ध्या सोडणावर एक पाय ठेवून, तो पुढेमागे सरकवत, चकाकेपर्यंत घासण्याची रीत होती. ज्या जमिनीवर पूर्वी नोकर एका पायाने लीलया सरकत, तेथे आजचा प्रवासी दोन्ही पाय व एक हात वापरूनही स्थिर राहू शकत नाही, विशेषतः त्याने मोजे घातलेले असल्यास. विल्याविसेन्सियो कुटुंबाच्या घराशेजारी आणखी एक सुरेख घर आहे, ते त्याच कुटुंबातील युलालियो यांनी पत्नी ग्लिसेरिया हिला लग्नाची भेट म्हणून दिले. मार्गदर्शक ही माहिती देतो त्या वेळी गटातील पती शिंपल्यांच्या तावदानांची रचना अतिशय बारकाईने तपासताना आढळतात. याच ग्लिसेरियाने पुढे स्पेनविरुद्ध लढणाऱ्या क्रांतिकारकांना पैसा दिला, आश्रय दिला आणि ‘बुलुसान’ नावाचे आपले जहाजही देऊन टाकले, ही माहिती ऐकताना मात्र पत्नी गप्प असतात.

जवळच मार्सेला आगोन्सिल्यो यांचे घर आहे, आणि फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रध्वज शिवणारी स्त्री म्हणून त्यांची कीर्ती शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. ध्वज कोठे शिवला हे पाहण्यासाठी मुले खोल्याखोल्यांतून हिंडतात. तो या घरात शिवला गेला नाही. आगोन्सिल्यो कुटुंब तेव्हा हाँगकाँगमध्ये परागंदा होते, तेथे क्रांतिकारकांचे नेते एमिलियो आगिनाल्दो यांच्या सांगण्यावरून मार्सेला, त्यांची लहान मुलगी लोरेन्सा आणि राष्ट्रवीर होसे रिझाल यांची भाची देल्फिना यांनी पाच दिवसांत तो पुरा केला, आणि १२ जून १८९८ रोजी कावीत येथे तो फडकला. शिवणकामातील तिघींपैकी एकीचे वय पाच वर्षांचे होते हे ध्यानात घेतल्यास पाच दिवस लागले यात नवल नाही, ती नसती तर कमी लागले असते असेच म्हणावे लागेल. ध्वज असा योजला आहे की शांततेत निळा पट्टा वर असतो आणि युद्धकाळात उलटा करून तांबडा वर घेतात. त्यामुळे समारंभात तो चुकून उलटा लागला की राष्ट्राने नकळत युद्ध पुकारलेले असते. मार्सेला यांचे पती फेलिपे हे देशाचे पहिले राजनैतिक प्रतिनिधी. १८९८ च्या अखेरीस पॅरिसमध्ये स्पेनने फिलिपिन्स दोन कोटी डॉलरांना अमेरिकेच्या हवाली करण्याचा तह केला, तेव्हा फेलिपे तेथे पोचले होते, पण त्यांना आत घेतले गेले नाही. हा व्यवहार त्यांच्याच देशाचा होता, एवढ्या संबंधावर प्रवेश देण्याची पद्धत त्या परिषदेत नव्हती.

बाजारात शिरेपर्यंत दुपार टळलेली असते. तालची तापा म्हणजे पातळ कापून मुरवलेले डुकराचे मांस, लोंगानिसा म्हणजे लसूण सढळ हाताने घातलेली लहान लहान सॉसेजची माळ, आणि पानुत्सा म्हणजे शेंगदाणे गूळसाखरेत आळवून थापलेली गोल वडी, जी पाहून मराठी माणूस लोणावळ्याच्या चिक्कीची आठवण काढतो आणि दातांची काळजी करतो. तुलिंगान हा मासा सुकवलेल्या बिलिंब्यांबरोबर मडक्यात शिजवतात. बातांगासची बाराको कॉफी इतकी कडक असते की परतीच्या बसमध्ये झोप काढण्याचा बेत करणाऱ्यांनी ती घेऊ नये. यावर अधिक लिहिण्यापेक्षा खाल्लेले बरे.

बालिसोंग नावाचा भाग तालमध्येच आहे आणि त्याच नावाचा सुरा तेथे घडवला जातो. या सुऱ्याच्या मुठीचे दोन भाग असतात, पाते त्यांच्यात मिटून राहते, आणि मनगटाच्या एका झटक्यात ते बाहेर येते. जुन्या मोटारींच्या पाट्यांचे पोलाद आणि रेड्याचे शिंग यांपासून बनवलेला असा सुरा विक्रेता बोटांमध्ये फिरवून दाखवतो तेव्हा ते अत्यंत सोपे वाटते. ग्राहक स्वतः करून पाहतो तेव्हा शेजारच्या दुकानात चिकटपट्टी मिळते. कामाचे कारण असल्यावाचून धारदार शस्त्र घेऊन घराबाहेर हिंडण्यास फिलिपिन्सच्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे गावात राजरोस विकली जाणारी ही वस्तू घरी कशी न्यावी हा प्रश्न पैसे दिल्यानंतर उपस्थित होतो. प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि कचेरीतील सहकाऱ्यांसाठी काहीतरी आणलेच पाहिजे, या रूढीला पासालुबोंग म्हणतात, आणि तिचा धाक कायद्याहून मोठा असतो. म्हणून सुरा पिशवीच्या तळाशी जातो, त्यावर पानुत्साचे डबे आणि सर्वांत वर लोंगानिसाच्या माळा. वातानुकूलित बसमध्ये खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन तासांत पन्नास प्रवासी लसणाच्या बाबतीत समान पातळीवर येतात. मनिलात उतरून मेट्रो स्थानकात शिरताना दाराशी सुरक्षारक्षक हातातील छोटी काठी पिशवीत खुपसतो, लोंगानिसाची वरची माळ काठीच्या टोकाने बाजूला सारतो, दुसरी माळ सारतो, क्षणभर थांबतो, आणि डझनाचा भाव काय पडला असे विचारतो.